क्लिंग रॅप भांड्यापेक्षा स्वतःलाच जास्त चिकटतं, त्यावर उपाय

वाडग्यावर लावायला क्लिंग रॅप (अन्न झाकायची पातळ प्लास्टिकची फिल्म) ओढावं आणि वाडग्यापर्यंत पोचायच्या आतच त्याचा गोळा व्हावा, हे ज्यांच्या घरी कधी झालेलं नाही त्यांनी पुढचं वाचायची गरज नाही. बाकीच्यांसाठी लिहितोय.

माझं काम पॅकेजिंगचं. ऑफिस नवी मुंबईत महाप्याला, घर तिथेच ऐरोलीला. इमारतीत हे कळल्यापासून शेजारच्या काकूंपासून ते खालच्या मजल्यावर डब्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या ताईंपर्यंत सगळे बिघडलेले रोल माझ्याकडे आणतात. "भाऊ, हा रोलच खराब निघाला बघा." कुणाचं टोक हरवलेलं असतं, कुणाच्या रोलची एका कडेने बोटभर पट्टी सुटत गेलेली असते, कुणाच्या खोक्याचं पातं लोंबत असतं. तक्रारी निरनिराळ्या दिसतात, पण बहुतेकांचं मूळ एकच असतं: रोल ते भांडं या एवढ्याशा प्रवासात फिल्म कुठेतरी ढिली पडते. हे लक्षात ठेवून एकेक तक्रार घेऊ.

ओढता ओढता गोळा होतो

क्लिंग रॅपला डिंक लावलेला नसतो. घरगुती फिल्मची जाडी दहा मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास असते. इतकी पातळ, मऊ फिल्म गुळगुळीत पृष्ठभागावर बिलगून बसते, मध्ये हवा उरत नाही, आणि एवढ्या जवळून रेणूंमधलं क्षीण आकर्षणही पुरेसं होतं. त्यात कारखान्यात चिकटपणाची थोडी भर घालतात. पीव्हीसीची फिल्म मऊ राहावी म्हणून घातलेला प्लास्टिसायझर तिला चिकटही करतो. पॉलिथिलीनच्या फिल्ममध्ये पॉलिआयसोब्युटिलीनसारखा पदार्थ मिसळतात किंवा चिकट पॉलिमरचा वेगळा थर देतात. आता स्वयंपाकघरात सगळ्यात गुळगुळीत, कोरडी आणि स्वच्छ जागा कोणती? त्याच फिल्मची दुसरी बाजू. संधी मिळाली की ती आधी स्वतःलाच मिठी मारणार.

आणि संधी मिळते ती ढिलेपणातून. ताणलेल्या फिल्मला स्वतःवर दुमडायला जागाच नसते. आपण नेमकं उलटं करतो: आधी हातभर तुकडा कापतो, मग तो दोन हातांत लोंबकळत धरून भांडं शोधतो. वर पंखा चालू असतो. पंखा बंद करणं हा या लेखातला सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि तो सांगितला की लोक माझ्याकडे संशयाने बघतात.

क्रम बदला. भांडं आधी, कापणं शेवटी. भांडं ओट्यावर ठेवा आणि खोका त्याच्या उजव्या बाजूला (डावखुरे असाल तर डाव्या). फिल्मचं टोक मधून धरू नका, दोन्ही कोपरे दोन चिमटींत धरा. भांड्यावरून पलीकडे नेऊन समोरच्या काठाच्या खाली, बाहेरच्या बाजूने दाबा. आता फिल्मचं एक टोक भांड्याने धरलंय आणि दुसरं रोलने, म्हणजे ती ताणलेलीच राहते. खोका अलीकडच्या काठाखाली आणा आणि मगच कापा. कापताना फिल्म ओढायची नाही. झाकण बंद, अंगठा झाकणाच्या मधोमध दाबलेला, आणि मनगट वळवून खोकाच फिरवायचा, म्हणजे पात्याचे दात फिल्ममध्ये रुततात. हे एकदा हाताला बसलं की निम्म्या तक्रारी संपतात.

थंडीत एक वेगळा त्रास होतो. रोलवरून थर सुटताना दोन पृष्ठभागांवर विद्युतभार तयार होतो, आणि प्लास्टिक वीजवाहक नसल्याने तो तिथेच अडकून राहतो. हवा दमट असली की तो लवकर विरतो. म्हणून जुलैत न जाणवणारी ही गोष्ट जानेवारीतल्या कोरड्या सकाळी जाणवते: फिल्म हाताच्या लवेकडे, बाहीकडे, खोक्याकडे धावते. अशा वेळी हात किंचित ओले करून पुसून घ्या आणि फिल्म सावकाश ओढा. झटक्याने ओढलेली फिल्म हातातून निसटते आणि निसटली की गुंडाळतेच.

रोल फ्रीझरमध्ये ठेवायचा सल्ला सगळीकडे फिरत असतो. त्यात तथ्य आहे. गार फिल्म थोडी ताठ होते आणि तिचा चिकटपणा तात्पुरता उतरतो. पण हा सल्ला कोरड्या हवेतला आहे. आपल्या पावसाळ्यात गार रोल बाहेर काढला की क्षणात त्यावर दव धरतं, फिल्म ओली होते, भांड्याच्या काठावरून घसरते, आणि सोबत पुठ्ठ्याचा खोका ठेवला असेल तर तोही भिजतो. थंडीच्या दिवसांत, खोक्याबाहेर काढून, फक्त रोल दहा-पंधरा मिनिटं ठेवलात तर ठीक. जून ते सप्टेंबर नको.

टोक सापडत नाही

नखाने खरवडू नका, पुढच्या तक्रारीची सुरुवात तिथूनच होते. रोल खिडकीजवळ नेऊन तिरप्या उजेडात हळूहळू फिरवा, टोकाची कड बारीक रेषेसारखी चमकते. दिसली नाही तर सेलोटेपचा तुकडा बोटावर उलटा गुंडाळा, म्हणजे चिकट बाजू बाहेर, आणि रोलवर टिपत टिपत गोल फिरा. टोक टेपला येतं. मग एका कोपऱ्यावरून ओढू नका. टेपची लांब पट्टी रोलच्या पूर्ण रुंदीवर लावून सगळी कड एकदम उचला.

टोक हरवतं कारण कापल्यानंतर ते परत रोलवर जाऊन बसतं. कापल्यावर बोटभर फिल्म पात्याच्या बाहेर राहू द्यायची आणि झाकण त्यावर बंद करायचं, एवढंच.

कडेची पट्टी सुटत जाते

ही खरी चिडवणारी तक्रार. फिल्म ओढावी तर पूर्ण रुंदी येतच नाही. एका बाजूने दोन बोटांची पट्टी तेवढी निघते आणि रोलभर निघतच राहते. उरलेला भाग रोलवरच.

कारण फिल्म बनवायच्या पद्धतीत आहे. वितळलेलं प्लास्टिक ओढून, ताणून फिल्म तयार होते, तेव्हा त्याचे लांब रेणू ओढण्याच्या दिशेने, म्हणजे फिल्मच्या लांबीच्या दिशेने, झुकतात. त्यामुळे लांबीच्या दिशेने फाटणं सोपं आणि आडवं फाटणं अवघड. साडीचं कापड एका बाजूने सरसर फाटतं तसंच हे. कडेला कुठे बारीकशी खोच पडली की फाट आडवी जाण्याऐवजी लांबीच्या दिशेने धावत सुटते. आणि खोच पडायची कारणं तीन: रोल कडेवर पडणं, टोक शोधताना लागलेलं नख, आणि मोडलेला पात्याचा दात. रोल पडल्यावर तर एकाच ठिकाणी वीस-तीस थरांना एकदम खोच पडते. म्हणूनच एकदा कापून टाकलं तरी पुढच्या वेढ्याला तेच.

पट्टी ओढत बसू नका, ती संपत नाही. रोल खोक्यातून काढा आणि कड बोटाने चाचपून खोच कुठे आहे ते पाहा. मग कटरने रोलवर फिल्मच्या रुंदीभर, रोलच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, एक सरळ रेघ मारा. खोच जितकी खोल असेल तितकेच थर कापले जातील एवढाच जोर द्या. वरचे सगळे थर एका चपट्या गठ्ठ्यासारखे सुटून येतात आणि खाली शाबूत फिल्म पूर्ण रुंदीने मिळते. थोडी फिल्म वाया जाते, पण रोल वाचतो. फक्त वरचेच एक-दोन थर बिघडले असतील तर टेपच्या पट्टीने पूर्ण रुंदी उचलून पाहा, तेवढ्याने भागतं.

पातं कापत नाही, खोका वाकतो

हा आपल्या भागातला खास रोग आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या जुलै-ऑगस्टमधल्या रोलांपैकी बहुतेक याचेच बळी असतात.

फिल्म कापायला दोन गोष्टी लागतात: धारदार दात, आणि ते दात जिथल्या तिथे रोखून धरणारी ताठ कड. पुठ्ठा हवेतला ओलावा शोषतो आणि मऊ पडतो. वाशीपासून ठाण्यापर्यंत पावसाळ्यात हवा कशी असते हे सांगायला नको. त्यातून आपण खोका ठेवतो कुठे? सिंकच्या वरच्या फळीवर नाहीतर गॅसशेजारी, जिथे कुकरची वाफ थेट येते. आता पातं फिल्मवर दाबलं की दात रुतण्याऐवजी खोक्याची कडच वाकते, फिल्म ताणून लांब होते, आणि आपण आणखी जोर लावतो. मग पात्याखालचा गोंद सुटतो. लोक पात्याला नावं ठेवतात, पातं बिचारं बरोबर असतं.

उपाय साधा आहे. खोका नवा असतानाच त्याच्या लांब कडांवर आणि कोपऱ्यांवर रुंद पॅकिंग टेप लावा. टेपमुळे ओलावा आत जायला वेळ लागतो आणि कडही ताठ राहते. पात्याची दोन्ही टोकं टेपच्या छोट्या तुकड्याने पक्की करा, पण दात झाकू नका. खोका कोरड्या कपाटात, आडवा ठेवा. आधीच मऊ पडलेल्या खोक्यासाठी जुन्या वहीच्या कव्हराची किंवा पातळ लाकडी पट्टीची लांब चीप पात्यामागे आतून चिकटवली तरी चालते.

आणि रोल खोक्यातून उडी मारून बाहेर येतो, ही तक्रार वेगळी धरू नका. बऱ्याच खोक्यांच्या दोन्ही टोकांना अर्धगोल, छिद्रांनी आखलेली पाकळी असते. ती आत ढकलायची असते, म्हणजे ती पुठ्ठ्याच्या नळीत शिरून रोल अडवते. पन्नास घरांत विचारा, पंचेचाळीस जणांनी ती पाकळी कधी पाहिलेली नसेल. ज्या खोक्याला ती नाही त्याला दोन्ही टोकांना भोक पाडून विणकामाची लांब सुई नळीतून आरपार घाला. रोल जागेवर फिरतो. फार सैल फिरू लागला तर नळीत थोडा कागद कोंबा. आमच्या क्षेत्रातल्या रोलवर चालणाऱ्या यंत्रांनाही सुटणाऱ्या रोलवर ब्रेक द्यावाच लागतो, नाहीतर रोल वेगाने सुटतो आणि फिल्म सैल पडते. खोक्यातला कागदाचा बोळा हा तोच ब्रेक.

भांड्यालाच चिकटत नाही

आधी काठ पुसा. तेलाचा बोटभर ओघळ पुरेसा असतो. तळणाचं किंवा फोडणीचं भांडं वरून पुसलेलं दिसलं तरी काठाखालच्या वळणात तेल राहतंच.

मग भांडं बघा. काच, चिनी माती, गुळगुळीत स्टील यांवर क्लिंग रॅप छान बसतं. प्लास्टिकच्या डब्यांवर, विशेषतः पॉलिप्रॉपिलीनच्या, ते धड बसत नाही, कारण या प्लास्टिकांचा पृष्ठभागच असा असतो की त्याला दुसरं काही सहज धरत नाही. खडबडीत मातीच्या भांड्यावर आणि ठोक्यांच्या अॅल्युमिनियमच्या टोपावर फिल्मला टेकायला पुरेशी सपाट जागा मिळत नाही. अशा भांड्यांना रबर बँड लावा, नाहीतर सरळ ताटली झाका. ताटली झाकून भागत असेल तिथे क्लिंग रॅप वापरायचं कारण मला आजवर कळलेलं नाही.

तिसरं कारण फिल्मची जात. पहिलं घरगुती क्लिंग रॅप होतं पॉलिव्हिनिलिडीन क्लोराइड नावाच्या प्लास्टिकचं. डाऊ केमिकल या अमेरिकी कंपनीत राल्फ विली यांना १९३३ मध्ये प्रयोगशाळेतल्या एका भांड्यावरून धुऊन न निघणारा पदार्थ सापडला, तो हाच. अमेरिकेत १९५३ पासून तो 'सारन रॅप' म्हणून घरोघरी गेला. चिकटायला उत्तम, आणि हवा-वास अडवण्यात आणखी उत्तम. पुढे ब्रँड एस. सी. जॉन्सन या कंपनीकडे गेल्यावर क्लोरीन टाळण्यासाठी २००४ मध्ये कंपनीने त्याजागी पॉलिथिलीन आणलं. नवं रॅप पूर्वीइतकं चिकटत नाही हे कंपनीच्या प्रमुखांनी पुढे स्वतःच लिहिलं. तेव्हा "पूर्वीचं रॅप चांगलं चिकटायचं" असं परदेशातून आलेली मावशी म्हणत असेल तर ती जुन्या आठवणींच्या नादात बोलत नाही.

आपल्या बाजारात पॉलिथिलीन आणि पीव्हीसी दोन्ही मिळतात. पीव्हीसी ताणतं जास्त आणि चिकटतंही जास्त, म्हणून मॉलमधल्या भाजीच्या ट्रेवर ते दिसतं. पण त्यातला प्लास्टिसायझर तुपाच्या, तेलाच्या, चीजच्या पदार्थांत उतरतो. तुपाचा शिरा, पनीर, तळलेलं काही थेट लागणार असेल तर पॉलिथिलीन घ्या, किंवा फिल्म पदार्थाला टेकणार नाही एवढी वर ताणा. ओळखायला खोक्यावरचा त्रिकोण बघा: पीव्हीसीसाठी ३, कमी घनतेच्या पॉलिथिलीनसाठी ४. अन्नाच्या संपर्कातल्या पॉलिथिलीनसाठी भारतीय मानक आयएस १०१४६ आहे, पीव्हीसीसाठी आयएस १०१५१.

डब्याचा नाहीतर मोदकांचा व्यवसाय करणाऱ्यांनी एक जपावं. घाऊक बाजारात सामान गुंडाळायची स्ट्रेच फिल्म किलोवर स्वस्त मिळते आणि दिसते अगदी क्लिंग रॅपसारखी. ती खोक्यांच्या थप्प्या बांधायला बनवलेली असते. चिकटते झकास, पण अन्नासाठी असल्याचं खोक्यावर लिहिलेलं नसेल तर अन्नावर नको. आणि मिठाईच्या खोक्याभोवती बाहेरून फिल्म गुंडाळायची पद्धत १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे, दिवाळीच्या ऑर्डरी घेताना ते विसरू नका.

वासाचं म्हणाल तर पॉलिथिलीन पाण्याची वाफ बऱ्यापैकी अडवतं, पण वास आणि हवा फारशी अडवत नाही. भिजवलेली कणीक सुकू नये म्हणून ते उत्तम (फिल्म कणकेला टेकवून लावा, वर ताणून नको). कापलेला कांदा किंवा सुकट मात्र कितीही घट्ट गुंडाळली तरी सकाळी दुधाला वास येणारच. तिथे घट्ट झाकणाचा डबा.

गरम भांड्यावर फुगतं, मग आत ओढलं जातं

वाफ. निवू द्या, मग झाका. उकडीसारखं गरमच झाकायचं असेल तर ओलं फडकंच बरं. मायक्रोवेव्हमध्ये टाकायचं झालं तर रॅपवर तसं लिहिलेलं असावं, एक कोपरा उघडा असावा आणि फिल्म अन्नाला टेकू नये.

नवीन घेताना काय बघायचं

चांगल्या खोक्याच्या डिझाइनमध्ये जे जे आहे ते सगळं फिल्म ढिली पडू न देण्यासाठी आहे. जपानी खोके यात फार पुढे गेलेत. तिथल्या कुरेहाच्या 'क्रेरॅप'चं पातं इंग्रजी व्ही आकाराचं असतं, धातूऐवजी प्लास्टिकचं. सरळ पात्याला अख्खी रुंदी एकदम कापायची तरी असते, नाहीतर एका कोपऱ्यापासून तिरकं सुरू करावं लागतं, आणि तिरकं सुरू केलं की दुसरा कोपरा सैल पडतो. व्हीचं टोक आधी मधोमध एका बिंदूवर रुततं, सगळा जोर तिथे येतो, आणि काप दोन्हीकडे सारखा सरकतो. दोन्ही कोपरे शेवटपर्यंत ताणलेले राहतात. टोक परत रोलवर जाऊ नये म्हणून काही खोक्यांच्या पुढच्या भागावर किंचित चिकट लेपही असतो.

दुसरी वाट फिल्मच बदलायची. प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या तंत्रावर बनलेल्या ग्लॅडच्या 'प्रेस अँड सील'मध्ये फिल्मवर बारीक फुगवटे असतात आणि चिकट पदार्थ त्यांच्यामधल्या खळग्यांत. नुसती टेकली तर फुगवटेच टेकतात, चिकटत नाही. बोटाने दाबलं की फुगवटे चपटे होतात आणि मग चिकटते. कल्पना सुंदर आहे, पण चिकटपणा कधी हवा हे माणसाच्या हातात देण्यासाठी साध्या फिल्मपेक्षा जाड आणि महाग काहीतरी बनवावं लागतं.

आपल्या स्वयंपाकघरासाठी मला सगळ्यात पटतो तो सरकता कटर. छोटी प्लास्टिकची गाडी, आत लपलेलं पातं, रुळावरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकते. फिल्म दोन्ही बाजूंनी दाबलेली असतानाच कापली जाते, म्हणून ओढायचा प्रश्न येत नाही. मुलांच्या बोटांना धार लागत नाही. आणि मुख्य म्हणजे डबा प्लास्टिकचा असल्याने ऑगस्टमध्ये मऊ पडत नाही. मागे खालच्या ताईंना मी तोच घ्यायला लावला. आता त्यांची तक्रार येते ती फक्त रिफिलची: कटर तीस सेंटिमीटर रुंदीच्या रोलसाठी आणि दुकानदाराने दिला पंचेचाळीसचा. खरेदीला जाताना जुन्या रोलची रुंदी आणि नळीचं आतलं माप टेपने मोजून न्या. रोल फार मोठा असेल तर डब्याचं झाकणच बंद होत नाही.